मागे बघणाऱ्यांची बोट

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात हाय पॉइंट नावाचं गाव आहे. फर्निचर आणि पायमोजे यांसाठी प्रसिद्ध. समुद्र तिथून तीनेकशे किलोमीटर लांब. अशा गावात बसून १९५९ साली विलिस स्लेन नावाच्या गृहस्थांनी ठरवलं, की खोल समुद्रातल्या मासेमारीसाठी आपण मोठी बोट बांधायची. कारण एवढंच, की मित्रमंडळींबरोबर ते हॅटरसच्या भूशिरावर मासे धरायला गेले होते आणि वारा असा सुटला, की सगळ्यांना क्लबात अडकून पडावं लागलं. आपल्याकडे अशा वेळी लोक पत्ते काढतात, भजी मागवतात आणि दुसऱ्या दिवशी हवामान खात्याला नावं ठेवत घरी येतात. स्लेन घरी आले आणि त्यांनी कारखाना काढला.

बोट लाकडाची नको, फायबरग्लासची करायची, असंही ठरलं. फायबरग्लास तेव्हा लहानसहान होड्यांपुरतं ठीक मानलं जायचं. त्यातून एक्केचाळीस फुटी बोट काढायची म्हणजे शहाण्यासुरत्यांच्या मते वेडेपणा. आराखडा काढायला जॅक हारग्रेव्ह हा तरुण मिळाला. मार्च १९६० मध्ये बोट तयार झाली, रस्त्यानं समुद्राला नेली गेली आणि पाण्यात सोडली गेली. तिचं नाव ‘निट विट्स’, विणकामाच्या धंद्याशी नातं सांगणारं. कंपनीचं नाव मात्र हॅटरस. ज्या समुद्रानं क्लबात कोंडून घातलं, त्याचंच नाव त्याच्या उरावर नाचवायचं, ही जिद्द मला तरी आवडली.

पुढच्याच महिन्यात मायामीहून बहामातल्या नसाऊपर्यंत मोटरबोटींची शर्यत झाली. समुद्र खवळलेला. डिक बर्ट्राम नावाचा शिडाच्या बोटीत मुरलेला गडी तीत उतरला होता. १९५८ साली अमेरिकाज कपच्या वेळी न्यूपोर्टला त्यानं एक छोटी बोट उसळत्या पाण्यावर न आपटता धावताना पाहिली होती. ती होती रे हंट या आराखडाकाराची. तिचा तळ सपाट नव्हता, नाळेपासून थेट शेपटापर्यंत खोल व्ही आकाराचा होता. सपाट तळ लाटेवर थापट्या मारतो, व्ही लाट कापतो. बर्ट्रामनं हंटकडून तशीच एकतीस फुटी लाकडी बोट करून घेतली, तिला बायकोचं लाडकं नाव ‘मॉपी’ दिलं आणि आठेक तासांत नसाऊ गाठलं. दुसरी बोट आली दोन तासांनी, आणि तीही हंटचीच. बाकीच्या दुसऱ्या दिवशी. बायकोचं नाव दिलेली वस्तू वेळेआधी पोहोचली, याचं आश्चर्य तिथल्या नवऱ्यांना किती वाटलं, याची नोंद कुठे सापडत नाही.

मग मॉपीचा साचा काढून फायबरग्लासची ‘बर्ट्राम ३१’ निघाली, आणि त्या वाटेनं पुढे चाळीस ते पन्नास फुटांच्या मधल्या आकाराच्या बोटींची एक मोठी पिढीच जन्माला आली. स्पोर्टफिशिंग यॉट. त्यातल्या ज्या प्रकाराबद्दल मला सांगायचं आहे त्याला तिथे ‘कन्व्हर्टिबल’ म्हणतात. म्हणजे मासे धरायला न्या, नाहीतर बायकापोरांना घेऊन चार दिवस राहायला जा. बर्ट्रामची सेहेचाळीस फुटी कन्व्हर्टिबल हा त्यातला नमुनेदार दागिना. १९७१ पासून १९८७ पर्यंत ती निघत होती. रुंदी सोळा फूट, वजन वीस टनांच्या आसपास, पोटात दोन डेट्रॉइट डिझेल इंजिनं.

या जातीच्या बोटीशी माझा संबंध आला तो भाच्यामुळे. भाचा नॉर्थ कॅरोलायनातच राली गावी असतो. त्याच्या ऑफिसातले चौघे मिळून अशीच एक जुनी सेहेचाळीस फुटी बोट घेत होते आणि पाचवा भागीदार म्हणून त्याला विचारणा झाली होती. (बोट कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. पाचही मालक हयात आहेत.)

“मामा, तू मालवणचा. तुला बोटीतलं कळतं. तू चल,” भाचा म्हणाला.

मालवणात जन्मलेल्या माणसाला बोटीतलं कळतं, हा समज अख्खी नोकरी ठाण्यात काढली तरी पुसला जात नाही. मीही तो पुसायच्या भानगडीत पडलो नाही. त्यानं मला विक्रीची जाहिरात वाचायला दिली. दोन शयनकक्ष, दोन बाथरूम, प्रशस्त दिवाणखाना, सुसज्ज स्वयंपाकघर, सागवानी काम, संपूर्ण वातानुकूलित, सहा जणांची झोपण्याची सोय. हा मजकूर मी घोडबंदर रोडला पूर्वी वाचला होता. फक्त तिथे ‘लेक व्ह्यू’ होता आणि इथे व्ह्यूबद्दल अवाक्षर नव्हतं.

का नव्हतं, ते धक्क्यावर कळलं. बोट समोरून पाहिली तर डोळ्यांत भरते. उंच पांढरं नाक, त्याच्या मागे दिवाणखान्याची रुंद, काळीशार, तिरपी काच. मी जवळ जाऊन टकटक केली. काच नव्हतीच. फायबरग्लासची भिंत होती आणि तिच्यावर काळा चकचकीत रंग. भाच्याचा मित्र म्हणाला, की बोट लाटेत शिरली की पाणी टनानं येऊन काचेवर आदळतं, काचेच्या कडा गळायला लागतात आणि पाणी थेट सोफ्यावर. म्हणून पुढेपुढे कारखान्यांनी समोरच्या खिडक्याच बंद केल्या आणि बरं दिसावं म्हणून तिथे काच रंगवली. जुन्या बोटवाल्यांनीही आपापल्या खिडक्या बुजवून घेतल्या. वरळीला समुद्राचा एक तुकडा बाथरूमच्या झरोक्यातून दिसतो म्हणून माणसं आयुष्यभर हप्ते भरतात. इथे चारी बाजूंना समुद्र आणि त्याच्याकडे तोंड करून भिंत.

दिवाणखाना मात्र खरोखर दिवाणखाना होता. एल आकाराचा सोफा, समोर टीव्ही, पायाखाली घोटा बुडेल असा क्रीम रंगाचा गालिचा. सोफ्याची गादी उचलली की खाली गळाच्या काठ्या ठेवायची जागा. दोन पायऱ्या उतरलं की स्वयंपाकघर. त्यात शेगडी, ओव्हन आणि फ्रीज, आणि उभं राहायला एका माणसाची जागा. माणूस सडपातळ हवा. त्यापुढे मालकाची खोली, तीत पलंग आणि कपाट. कपाट उघडायचं तर पलंगावर चढायचं आणि पलंगावर चढायचं तर आधी कपाट बंद करायचं. सगळ्यात पुढची खोली बोटीच्या नाकात. तिथले दोन बिछाने डोक्याकडे दूर आणि पायाकडे एकत्र येतात, त्यामुळे झोपणाऱ्यांचे सगळे मतभेद पायांनी सोडवायचे. बोट चालत असताना सगळ्यात जास्त उसळतं ते नाक, म्हणून चालत्या बोटीत तिथे कुणी झोपत नाही. आणि उभ्या बोटीत झोपायचं तर माणूस घरी का झोपत नाही, हा प्रश्न मी विचारला नाही. पाहुण्यानं सगळंच विचारू नये.

बाथरूम दोन. दोन्हींत बसल्या जागेवरून हात धुता येतात, आरशात भांग पाडता येतो आणि दाराची कडी लावता येते. कडी लावणं महत्त्वाचं, कारण लाट आली की दार स्वतःहून लोकांच्या गाठीभेटी घडवून आणतं.

आता खरी गंमत अशी, की या सगळ्या इमल्यात कुणी राहतच नाही. मासे धरायचे दिवस असले की सगळी माणसं सापडतात मागच्या उघड्या डेकवर. त्याला कॉकपिट म्हणतात. शंभर-सव्वाशे चौरस फुटांची ती गच्ची. तिच्या मधोमध बोल्टांनी ठोकलेली एक भली थोरली खुर्ची, कडेला आमिषाची पेटी, बर्फाची पेटी, मासा आत ओढायला मागच्या भिंतीत केलेलं छोटं दार. तिथे मीठ, रक्त, खवले आणि माशाचं तेल यांचा चिखल असतो. आणि दिवाणखान्यात क्रीम रंगाचा गालिचा असतो. त्यामुळे या दोहोंमधल्या दारावर एकच कायदा चालतो, तो आपल्या आज्यांनी केलेला: ओल्या पायांनी आत यायचं नाही. सहा जणांची झोपण्याची सोय, आठ जणांची बसण्याची सोय, आणि सगळे दिवसभर बाहेर उभे. आत एसी चालू असतो. गालिचाला उकडू नये म्हणून.

खरेदीआधी बोटीची तपासणी होते. सर्व्हेअर नावाचा गंभीर माणूस हातात छोटा हातोडा घेऊन सकाळभर बोटीला ठोकत हिंडला. प्रत्येक ठोक्याला कान लावायचा, मान हलवायचा, पुढे सरकायचा. फायबरग्लासच्या थरांमध्ये पाणी शिरलेलं असेल किंवा थर सुटले असतील तर आवाज बद्द येतो. विकणारा प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होता. इंजिनातलं तेल बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत गेलं. रिपोर्ट आला, तळ ठणठणीत. माझ्या ठाण्याच्या इमारतीचं वय याच्याएवढंच आहे आणि आमच्याकडे रिडेव्हलपमेंटच्या तीन सभा मारामारीवर संपल्यात. बोटीच्या टिकाऊपणाचं कारण सांगतात तेही मजेशीर आहे. त्या काळात फायबरग्लास नवीन. किती जाड घातलं की पुरेल याचा पक्का अंदाज कुणालाच नव्हता, म्हणून सगळ्यांनी भरपूर घातलं. बिल्डरला हिशेब न जमल्यामुळे ग्राहकाचं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

मग समुद्रावर चाचणी. म्हणजे परफॉर्मन्स. इंजिनं सोफ्याच्या थेट खाली. त्या काळची डेट्रॉइट डिझेलं दोन स्ट्रोकची आणि ती किंचाळतात हे त्यांचे चाहतेसुद्धा मान्य करतात. उलट चाहते हेच अभिमानानं सांगतात. सोफ्यावर बसून शेजारच्याशी बोलायचं तर दोघांनाही पूर्वीपासून एकमेकांचं म्हणणं माहीत असावं लागतं. तांडेल, म्हणजे तिथला कॅप्टन, वरच्या मजल्यावर उघड्यावर बसतो. त्यानं लिव्हर पुढे ढकलले. बोटीनं आधी नाक आकाशाकडे केलं, शेपूट पाण्यात बसवलं, दोनेक क्षण ‘जमेल की नाही’ असा विचार केला आणि मग आपल्याच उठवलेल्या लाटेवर चढून आडवी झाली. वीस टनांचं घर पाण्यावर घसरायला लागलं. बावीस नॉट. समोरून चार-पाच फुटांच्या लाटा येत होत्या. प्रत्येक लाटेला मी दात आवळत होतो आणि प्रत्येक वेळी तळाचा व्ही ती दोन्हीकडे फाडून टाकत होता. ते मात्र पाहण्यासारखं होतं. ट्रॉलरमध्ये बसलेला कुठलाही माणूस त्या क्षणी रे हंटच्या पाया पडेल.

तेवढ्यात मला राहवलं नाही. “ॲव्हरेज किती देते, विचार,” मी भाच्याला म्हणालो.

“मामा, ते लोक लिटरवर मोजत नाहीत, तासावर मोजतात.”

“का?”

“लिटरवर मोजलं तर कुणी घेणार नाही.”

मी रात्री कागद घेऊन बसलो. या वेगाला दोन्ही इंजिनं मिळून तासाला पन्नास गॅलनच्या आसपास पितात. म्हणजे एकशे नव्वद लिटर. तासात अंतर कापतं चाळीस किलोमीटर. म्हणजे लिटरला दोनशे मीटरच्या थोडं वर. आमच्या घरापासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत. कोथिंबीर विसरली तर दुसरा लिटर. आकडे भाच्यापुढे ठेवले. त्यानं ते वाचले, घडी करून खिशात घातले आणि म्हणाला, “हिला दाखवू नकोस.” पाचवा हिस्सा त्यानं घेतला. भाचेसुनेनं एकच विचारलं, “पाचवा म्हणजे नक्की कुठला? मागचा असेल तर धुवायचा तुम्हीच.”

महिनाभरानं आम्ही ऑरेगन इनलेट या तिथल्याच खाडीमुखातून पहाटेच्या अंधारात निघालो. तिथून गल्फ स्ट्रीमचा कोमट, निळा प्रवाह पस्तीस-चाळीस मैलांवर. मार्लिन तिथे. पाचही मालक, एक भाड्याचा तांडेल, एक खलाशी पोरगा आणि मी. भाचेसुनेनं डब्यात थालीपीठं, दही-मिरची आणि वर अर्धा डझन केळी दिली होती. खलाशानं केळी पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. मासेमारीच्या बोटीवर केळं म्हणजे घोर अपशकुन, ही तिकडची पक्की समजूत. मी म्हटलं, आमच्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात, तुम्ही केळी द्या, फळाला फळ. त्यानं दिली. पण श्रद्धेनं नव्हे, जोरात.

पावणेदोन तास सुसाट धावलो आणि मग, ज्या वेगासाठी एवढा खर्च केला तो वेग तांडेलानं चक्क बंद केला. सात नॉट. लाटेत मासे धरायचे तर आमिष या वेगानं ओढायचं असतं. दोन्ही बाजूंना लांबच्या लांब दांडे पसरले, आउटरिगर. त्यांच्यावरून दोऱ्या गेल्या, म्हणजे आमिषं एकमेकांत न गुंतता दूर दूर पळतात. आणि मग दिवसभर तेच. संथ, डुलत, मोठमोठी वर्तुळं. जो व्ही तळ वेगात राजा असतो, तो संथ चालीत बाजूच्या लाटेवर पाळण्यासारखा झुलतो. मला बोट लागली. भाच्याच्या मित्रांनी कानामागे औषधी पट्ट्या चिकटवल्या होत्या. मी आलं-लिंबाच्या पाचकावर भिस्त ठेवली होती. विज्ञान जिंकलं.

सावरल्यावर लक्षात आलं, की बोटीवरचा प्रत्येक माणूस मागे बघतोय. मालक खुर्चीच्या आजूबाजूला उभे राहून मागे बघतायत. खलाशी मागे बघतोय. वरच्या मजल्यावरचा तांडेलसुद्धा पुढे पाठ करून उभा आणि हात मागे नेऊन चाक आणि लिव्हर धरलेले. त्या बोटींत लिव्हर चाकाच्या दोन्ही बाजूंना मुद्दाम असे बसवलेले असतात, की सुकाणवाल्याला पाठमोऱ्यानं बोट हाकता यावी. मासा मागून येणार. पुढे काय आहे, हे फक्त मी बघत होतो, आणि मला पुढे बघायला ती रंगवलेली काच होती.

या सगळ्या साहित्याची वंशावळ जुनी आहे. फ्लोरिडात वेस्ट पाम बीचच्या रायबोविच मंडळींनी महायुद्धानंतर सुंदर लाकडी बोटी बांधल्या. झुंजीची खुर्ची, ॲल्युमिनियमचे आउटरिगर, मागच्या भिंतीतलं दार, उंचावरून मासा हेरायचा मनोरा, यांपैकी बहुतेकांचं श्रेय लोक त्यांना देतात. त्याही आधी १९३४ साली हेमिंग्वेनं ब्रुकलिनच्या व्हीलर शिपयार्डकडून अडतीस फुटी ‘पिलार’ घेतली होती. त्यानं तिच्या मागची भिंत उतरवून घेतली आणि वर रूळ बसवला, मासा घसरत आत यावा म्हणून. तिला मुख्य इंजिनाशिवाय संथ ओढीसाठी वेगळं छोटं इंजिन होतं. म्हणजे दिवसभर मोठं इंजिन जाळू नये, एवढा व्यवहार त्या बेफिकीर माणसालाही होता. महायुद्धात तर त्यानं पिलारवरून जर्मन पाणबुड्या शोधायचा उद्योग केला. पाणबुडी हाती लागली नाही. मासेमारीला सरकारी कारण मिळालं, हे काय कमी?

तासन् तास काही लागलं नाही की माणसं गोष्टी सांगतात. आमच्या बोटीवर २०२३ च्या बिग रॉक स्पर्धेची गोष्ट निघाली. ही स्पर्धा नॉर्थ कॅरोलायनातच मोरहेड सिटीला होते. शेवटच्या दिवशी ‘सेन्सेशन’ नावाच्या बोटीनं ६१९.४ पाउंडांचा निळा मार्लिन आणला. कित्येक तास झुंजून. बक्षीस पस्तीस लाख डॉलरच्या घरात. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काट्यावर मासा चढला आणि परीक्षकांनी जवळ जाऊन पाहिलं, तर शेपटाकडे चावे. मासा बोटीवर यायच्या आधी शार्कनं किंवा दुसऱ्या कुणी त्याचा लचका तोडलेला. नियमाप्रमाणे असा मासा बाद. पस्तीस लाख डॉलर गेले, कारण मासा उष्टा निघाला! पाचही मालक हळहळले. मला मात्र त्या परीक्षकांबद्दल आपलेपणा वाटला. पहिला नंबर गेला ४८४.५ पाउंडवाल्या बोटीला. तिचं नाव ‘सुशी’.

मी म्हटलं, मग त्या क्यूबातल्या म्हाताऱ्याचाही मासा बादच ठरला असता. पु.ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावानं मराठीत आणलेली ती हेमिंग्वेची गोष्ट. एकटा म्हातारा, लहानशी शिडाची होडी, ना खुर्ची ना मनोरा, आणि अठरा फुटी मार्लिन. आतल्या बाथरूमचा प्रश्नच नाही. तो मासा बोटीत मावला नाही म्हणून बाजूला बांधला आणि शार्कनी खाऊन टाकला. इथे असता तर त्याला सांगितलं असतं, आजोबा, मासा उष्टा आहे, नोंदणी फी परत मिळणार नाही.

दरम्यान माझं लक्ष आमिषाच्या पेटीकडे गेलं. खलाशी बर्फातून एकेक मासा काढून त्यात गळ बसवत होता. लांब चोचीचे काही बारके मासे होते. त्यांच्या खाली बघतो तर रुपेरी, निमुळती, अंगावर ठिपके, दोन-दोन वितींची... मी ओळखलं. तिकडे तिला स्पॅनिश मॅकरल म्हणतात. प्राणिशास्त्राप्रमाणे ती आपल्या सुरमईच्याच कुळातली, सख्खी चुलत बहीण. खलाशानं स्वतः धरलेली, बर्फात टकटकीत, डोळे काचेसारखे. आणि तो तिला सुई-दोऱ्यानं शिवून समुद्रात फेकत होता.

“अरे, हे काय करतोय हा?” मी भाच्याचा दंड धरला.

“आमिष आहे, मामा.”

“सुरमईचं आमिष लावून धरायचा मासा आहे तरी कसला?”

“मार्लिन. पण तो खायचा नसतो. सोडायचा असतो.”

मी खुर्चीत बसलो. खुर्ची रिकामीच होती.

नियम कडक आहेत, असं त्यानं समजावलं. अटलांटिकमधला मार्लिन विकायला तर कायद्यानंच बंदी. स्पर्धा नसेल तर जवळजवळ सगळे सोडूनच देतात. सोडायचा मासा पाण्याबाहेरही काढायचा नाही. काठी ज्याच्या हातात त्याच्याशिवाय दुसऱ्यानं तिला बोट लावलं तर ती झुंज विक्रमात धरत नाहीत. आमिष खलाशी लावतो, मासा तांडेल शोधतो, बोट तांडेल फिरवतो, खुर्ची दुसरा फिरवतो, दोरीचं शेवटचं टोक खलाशी धरतो. आणि मासा धरला असं म्हणायचं ते खुर्चीतल्या माणसानं.

दुपारी तो आला. आधी पाण्यात जांभळट-निळी सावली दिसली, मग उजवीकडच्या दांड्याची चिमटी फटकन सुटली आणि रीळ किंचाळायला लागलं. सगळे एकदम ओरडायला लागले आणि डेट्रॉइट डिझेलांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू येईनासा झाला. मला खुर्चीतून उचलण्यात आलं. पाळी ज्याची होती त्याला पट्ट्यांनी बांधण्यात आलं. मासा हवेत उडाला, पाण्यावर शेपटीनं उभा धावला, परत बुडाला. तांडेलानं बोट रिव्हर्समध्ये टाकली. ज्या बोटीची सगळी कर्तबगारी पुढे धावण्यात, ती मासा धरते उलटी जाऊन! मागची भिंत लाटांत घुसत होती, पाणी गुडघ्यापर्यंत येत होतं, सगळे ओलेचिंब. मार्लिन बोटीच्या अंगाशी आला. अडीच माणसांएवढा. डोळा केवढा! खलाशानं हातमोज्यातल्या मुठीत दोरी धरली. कुणीतरी फोटो काढला. मग गळाजवळ दोरी कापली आणि तो मासा, कसलीही घाई नसल्यासारखा, खाली गेला. पोटात आमची सुरमई.

लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर काटा आला होता. त्याचं कारण मी कपडे ओले असल्याचं सांगितलं.

परतताना आउटरिगरवर मार्लिनचं चित्र असलेला झेंडा चढवला. उलटा. मासा धरून सोडून दिला असेल तर झेंडा उलटा लावतात. म्हणजे अंदाजे आठशे लिटर डिझेल जाळून, जवळ मासा नाही हे धक्क्यावरच्या सगळ्यांना अभिमानानं कळवायचं. मालवणच्या बंदरावर असा झेंडा लावून येणाऱ्या तांडेलाला त्याची बायको घरात घेणार नाही.

धक्क्यावर खलाशी पेट्या धुवायला लागला. मी हळूच विचारलं, उरलेल्या आमिषाचं काय करणार? तो म्हणाला, फेकून देऊ. मी भाच्याकडे पाहिलं. भाचा दुसरीकडे बघायला लागला. मी डब्याची पिशवी पुढे केली. शिवलेल्या नव्हत्या अशा पाच निघाल्या. खलाशानं त्या दिल्या, पण पिशवी देताना माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

भाचेसुनेनं कल्ले उघडून पाहिले, वास घेतला आणि एका शब्दात निकाल दिला, “ताजी.” आगळ, हळद, तिखट लावलं. मीठ लावलं नाही. आमिष घट्ट राहावं म्हणून खलाशानंच ते भरपूर लावलं होतं. रवा आणि तांदळाचं पीठ, तव्यावर तेल. जेवायला बोटीचा मोठा भागीदार, तो खुर्चीतला, सपत्नीक आला होता. त्यानं पहिली तुकडी जरा बिचकत खाल्ली. दुसरी लगेच. चौथीला काटे चोखायला लागला, म्हणजे माणूस चांगला.

“आयुष्यात इतका चांगला मासा खाल्ला नाही,” तो मला म्हणाला, “हा कुठे मिळतो?”

टेबलाखालून भाच्याची लाथ बसली, ती चुकून त्याच्याच बायकोला.